कुत्री देतेय मी, वर पैसेही मीच द्यायचे?

पत्र: नमस्कार ताई, मी हडपसरला राहते. आमची खारी, लॅब्राडोर कुत्री, सव्वापाच वर्षांची. नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागलीये, अडीच महिन्यांत निघायचंय, मुलगी चार वर्षांची आहे. खारीला नेता येणार नाही असं ठरलंय, रडूनही झालंय, प्लीज त्यावर लेक्चर नको. प्रश्न पैशांचा आहे. एक शेल्टरवाले ४०,००० सरेंडर फी मागतायत. ऑनलाइन जाहिरात टाकली तर एक माणूस उलट मलाच १५,००० द्यायला तयार आहे, फक्त केसीआयचे (केनल क्लबचे, जातीच्या नोंदणीचे) पेपर हवेत म्हणतो. मामेसासऱ्यांचं मंचरजवळ शेत आहे, ते म्हणतात एक रुपया खर्च करू नका, इकडे आणून सोडा. आणि आमचे डॉक्टर म्हणतात देण्याआधी पिल्लं न होण्याचं ऑपरेशन (स्पे) करून घ्या, १२,००० होतील. व्हिसा, तिकिटं, तिकडचं डिपॉझिट यात आम्ही आधीच बुडालोय. नक्की किती खर्च येतो, कोणी करायचा, आणि नवीन घराकडून मी थोडे पैसे घेतले तर वाईट दिसेल का?

उत्तर:

तू ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. लेक्चर देणार नाही, पण एक हिशोब मांडते कारण तो तू पत्रात मांडलेला नाहीस. नेता येणार नाही हे नियमामुळे ठरलंय की खर्चामुळे की तिकडे घर मिळणार नाही म्हणून? युरोपियन युनियनसाठी भारतातून कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, चिपनंतर रेबीजचं इंजेक्शन (चिपच्या आधीचं धरत नाहीत, म्हणजे चिप नसेल तर इंजेक्शन पुन्हा), मग किमान ३० दिवसांनी रक्त काढून त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेत टायटर टेस्ट (रेबीजची प्रतिकारशक्ती तयार झाली का ते बघणारी), आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे आज सुरू केलंस तरी चार महिने, अडीच महिन्यांत बसतच नाही. नवरा पुढे गेला आणि तू, मुलगी आणि खारी दीड-दोन महिने मागून गेलात तर बसतं, आणि कुत्रा मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांच्या आतच गेला पाहिजे असाही नियम आहे, त्यामुळे नंतर कोणाबरोबर तरी पाठवून देऊ हे तितकं सोपं नाही. टायटर, क्रेट, कार्गो, एक्यूसीएसचं (सरकारच्या प्राणी क्वारंटाइन खात्याचं) सर्टिफिकेट आणि एजंट धरून लाख-दीड लाखाच्या खाली सहसा जमत नाही, जास्तच होतं, आणि म्युनिकमध्ये वर्षाला १०० युरो कुत्र्याचा टॅक्स असतो तो वेगळा. हे सगळं माहीत असून नाही म्हणाला असाल तर विषय संपला, पुढे वाच. माहीत नव्हतं तर आज रात्री नवऱ्याबरोबर बसून एकदा बोल, एवढंच.

आता तुझा प्रश्न. कुत्री मी देतेय, मग पैसे मी का भरू, हा राग मला कळतो, पण याचं उत्तर तुला आवडणार नाही. खर्च तूच करायचा आहेस. तू तो केला नाहीस तर तो वाचत नाही, पुढच्या माणसाकडे जातो, आणि पुढचा माणूस तो करेल की नाही हे तुला म्युनिकमध्ये बसून कळणार नाही. तुला जे चार पर्याय दिसतायत त्यात दोनात पैसे जातायत, एक फुकट आहे आणि एकात पैसे मिळतायत, पण खरं बघितलं तर त्या प्रत्येकात कोणीतरी बिल भरणारच आहे.

आधी त्या १५,००० वाल्याकडे बघू, कारण तोच सगळ्यात गोड वाटतोय. तुझी खारी पाच वर्षांची आहे, पिल्लू नाही. घरात पाळायला म्हणून पाच वर्षांची लॅब घेणारे लोक असतात, खूप चांगले लोक असतात, पण ते १५,००० देत नाहीत, कारण ॲडॉप्शनला तशा लॅब फुकट मिळतात, कुठलाही ॲडॉप्शन ग्रुप उघडून बघ. मग हा का देतोय? ऑपरेशन न झालेली फीमेल आणि वर केसीआयचे पेपर. लॅबला एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात, एक पिल्लू १०-१२ हजाराला गेलं तरी पहिल्याच वेळी त्याचे १५,००० चारपट होऊन परत येतात, आणि पेपर असले की पिल्लांचीही नोंदणी होते, भाव अजून वर. मग पुढच्या हीटला, म्हणजे माजाला, परत. कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी २०१७ चे नियम आहेत, राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही, तर त्याला सरळ विचार की दादा तुमचा रजिस्ट्रेशन नंबर द्या. माझा अंदाज आहे की त्यानंतर त्याचा मेसेज येणार नाही. आणि केसीआयचे पेपर कोणालाच देऊ नकोस बाई, ज्याला खारी हवीये त्याला त्या कागदाचं काही काम नाही.

म्हणून तुझे डॉक्टर बरोबर बोलतायत. या सगळ्या यादीत एकच खर्च असा आहे की जो मी कर्ज काढून करायला सांगेन, तो म्हणजे स्पे. ती झाली की ब्रीडिंगवाले आपोआप गळतात, तुला कोणाची उलटतपासणी घ्यावी लागत नाही. दुसरं, वय वाढलेल्या, ऑपरेशन न झालेल्या फीमेलला पायोमेट्रा होऊ शकतो, गर्भाशयात पू होतो, तेव्हा रात्री-अपरात्री इमर्जन्सीत ऑपरेशन करावं लागतं आणि त्याचं बिल आजच्या १२,००० च्या दुप्पट-तिप्पट येतं, ते नवीन माणसाने भरलं तर ठीक, नाही भरलं तर खारी गेली. १२,००० पुण्यातल्या खाजगी क्लिनिकला वाजवी आहेत, लॅब वजनाला भारी असते आणि भूल वजनावर लागते म्हणून लहान कुत्रीपेक्षा जास्तच होतात. पण कोटेशन फोडून विचार, त्यात ऑपरेशनआधीची रक्ततपासणी आहे का, नंतरची इंजेक्शनं आणि टाके काढणं आहे का, टाके चाटू नयेत म्हणून घालायची कॉलर आहे का, कारण बऱ्याचदा ८,००० सांगणारा आणि १२,००० सांगणारा शेवटी एकाच आकड्यावर येतात. परवडतच नसेल तर ट्रस्टच्या दवाखान्यांमध्ये खूप कमी पैशात होतं, औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे तिथेही चौकशी कर (मुंबईच्या कोणी वाचत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल), फक्त तिथे नंबर लागायला वेळ जातो आणि तुझ्याकडे वेळ कमी आहे. ती आत्ताच हीटमधून गेली असेल तर डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगतील, मग तुझं सगळंच गणित बदलेल, म्हणून हे आधी विचारून घे, बाकी सगळं नंतर. टाके सुकायला दहा-चौदा दिवस धर, ते दिवस तिने तुझ्याच घरी काढायचे, नवीन घरी टाके घेऊन पाठवू नकोस.

बाकीचे आकडे तसे किरकोळ आहेत, पण धरून ठेव. नाइन-इन-वन लस आणि रेबीजचा वार्षिक डोस राहिला असेल तर कन्सल्टेशनसकट दीड-दोन हजार. जंताच्या गोळ्या दोन-अडीचशे. रक्ताच्या तपासण्या, म्हणजे सीबीसी, लिव्हर, किडनी आणि टिक फीव्हरची टेस्ट असं सगळं केलं तर तीन-चार हजारात जातं, आणि स्पेच्या आधी त्यातलं बरंचसं करावंच लागतं त्यामुळे दोनदा नको करूस. टिक फीव्हर मुद्दाम म्हणते, पुण्यात पावसाळ्यात गोचीड काय होते तुला माहितीये, आणि नवीन घरी जाऊन आठ दिवसांत कुत्री तापाने पडली की लोकांना वाटतं आजारी जनावर गळ्यात मारलं, आणि ती परत येते, तू तेव्हा विमानात असतेस. मायक्रोचिप हजार-दीड हजार, सक्तीची नाही, पण हरवली तर उपयोगी, आणि चिप घातलीच तर तिच्या नोंदणीत नवीन घरचा फोन नंबर लागला पाहिजे, आपलाच राहिला तर पैसे पाण्यात. अंघोळ-नखं-कान हजारात. मग पहिल्या महिन्याचं खाणं तिच्याबरोबर द्यायचं, जे ती आत्ता खाते तेच, साधारण दहा किलो, ब्रँडवर अवलंबून तीन ते सात हजार, कारण घरही बदललं आणि खाणंही बदललं की पोट हमखास बिघडतं. तिचं अंथरूण, भांडी, पट्टा तर आहेच घरात. हे सगळं आणि स्पे मिळून वीस ते पंचवीस हजाराच्या आसपास जाईल. आकडा मोठा आहे, पण तुमच्या चौघांच्या, सॉरी, तिघांच्या शिफ्टिंगच्या बजेटमध्ये ती एक लाइन धर, डिपॉझिटच्या खाली.

ट्रान्सपोर्टचं मी धरलेलं नाही कारण माझं मत आहे की पुण्याच्या बाहेर शोधूच नकोस. पेट टॅक्सीवाले नाशिक-कोल्हापूरला सहज पाच-सात हजार घेतात, ट्रेनने पाठवायचं तर पार्सल ऑफिसला बुकिंग करून ब्रेकव्हॅनच्या डॉग बॉक्समध्ये, ते स्वस्त आहे पण उन्हाळ्यात मी माझ्या शत्रूलाही त्यात बसवणार नाही. आणि लांबचं घर असेल तर तू आधी जाऊन बघणार नाहीस, हा खरा तोटा. पुण्यात असेल तर जायच्या आधी दोनदा जाऊन येशील.

आता शेल्टर. ४०,००० ऐकून तुला लूट वाटली, मला उलटं वाटलं, हे कमी आहेत. लॅब दहा-बारा वर्षं जगते, खारीची अजून पाच-सहा वर्षं तरी धर. साधं खाणं, लसी, गोचिडीची औषधं मिळून महिन्याला साडेतीन हजार धरले तर वर्षाचेच ४२,००० होतात. म्हणजे तू दिलेल्या पैशात एक वर्षही निघत नाही, म्हातारपणाची औषधं, सांधेदुखी हे तर सोडूनच दे. मग उरलेली वर्षं ते कुठून करणार? देणग्या येत असतील तर छान, तसं सांगतील, हिशोब दाखवतील, ८०जी ची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती देतील, कधीही न सांगता येऊन बघा म्हणतील. ऑपरेशन न करता फीमेल ठेवून घेणारे आणि आत येऊ न देणारे असतील तर उठून निघून ये. पुण्या-मुंबईतल्या ज्या मोठ्या नामांकित संस्था आहेत त्या मुख्यतः जखमी, आजारी जनावरांसाठी आहेत, धडधाकट पाळीव कुत्री तिथे देऊन मोकळं होऊ अशी अपेक्षा ठेवू नकोस, जागा नसते आणि नसण्याचं कारण आपल्यासारखेच लोक आहेत. माणसांच्या बेडवर झोपलेल्या लॅबला शंभर कुत्र्यांच्या आवाजात ठेवायचं, मला तो शेवटचा पर्याय वाटतो, पहिला नाही.

मामेसासऱ्यांना राग येणार नाही असं तूच सांग, पण मंचर म्हणजे आंबेगाव तालुका, बाजूला जुन्नर, उसात बिबटे आहेत, आणि बिबट्याला शेतावर रात्री बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. गावातले कुत्रे निदान चलाख असतात, खारीने आयुष्यात सोसायटीतल्या मांजरीशिवाय कोणाला पाहिलेलं नसणार. तिकडे कोणी घरात घेऊन, रात्री दार लावून ठेवणारं असेल तर वेगळी गोष्ट. ‘आणून सोडा’ हा शब्द मला आवडला नाही. तसंही प्राण्याला उपाशी-तहानलेलं मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळी दंड किती माहितीये, १० ते ५० रुपये. टायपिंग मिस्टेक नाही, दहा ते पन्नास. इतक्या वर्षांत तो आकडा कोणी वाढवला नाही. सगळ्यात स्वस्त पर्याय हाच आहे, कायद्याच्या हिशोबाने.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, नवीन घराकडून पैसे घ्यावेत का. इंग्लंड-अमेरिकेत घेतात, संस्था पण घेतात, कोणाला वावगं वाटत नाही. आपल्याकडे ॲडॉप्शन ग्रुपवर पैशाचा उल्लेख केलास की पोस्ट उडते आणि खाली दहा जण तुला विक्रेती म्हणून जातात. ते जाऊ दे, पण अगदी फुकट आहे म्हटल्यावरही भलते लोक येतात, पोराच्या वाढदिवसाला कुत्रा हवा असलेले, फार्महाऊसला राखण हवी असलेले. मी असं करेन की पैसे माझ्या हातात घ्यायचे नाहीत पण त्यांच्या खिशातून जाऊ द्यायचे. म्हणजे, घर पसंत पडलं की त्यांना म्हण की तुमच्या जवळच्या डॉक्टरांकडे खारीला एकदा एकत्र दाखवू, आणि ती फी तुम्ही भरा. पाच-सातशे रुपयांची गोष्ट आहे. पण डॉक्टर तिथे समोर सांगतात की वर्षाला लसी किती, गोचिडीची गोळी किती, लॅबचं वजन वाढलं की काय होतं, आणि ते ऐकताना त्या माणसाचं तोंड कसं होतं ते तू बघ. जो ‘एवढं लागतं होय’ म्हणून गप्प होतो त्याला नको. जो डॉक्टरांना उलट दोन प्रश्न विचारतो त्याच्याशी पुढे बोल. काही लोक स्वतःहून स्पेचे अर्धे पैसे देऊ करतील, तेव्हा संकोच न करता घे, त्यात काही वाईट दिसत नाही, फक्त बिल दाखव आणि बिलाइतकेच घे.

उलट बाजूनेही सांगते, काही जण अपराधीपणातून नवीन माणसाला दर महिन्याला पैसे पाठवायचं कबूल करतात. नको. पैशासाठी कुत्रा ठेवणारा माणूस पैसे थांबले की कुत्रा ठेवत नाही. द्यायचेच असतील तर नवीन घराजवळच्या डॉक्टरांकडे चार-पाच हजार खारीच्या नावाने जमा ठेव, पहिल्या सहा महिन्यांत काही झालं तर त्यातून कापून घ्या म्हणावं, बरेच डॉक्टर ऐकतात.

जाहिरात टाकली आहेस म्हणून हे पण. ‘मी आर्मीत आहे, ड्युटीवर आहे, कुत्री माझा माणूस घेऊन जाईल, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा कोणी येईलच, अजून आला नसेल तर. यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं ना पिन टाकावा लागतो, पिन टाकलास की पैसे तुझेच जाणार. गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. आणि त्या जाहिरातीतून केसीआय हा शब्द काढून टाक, त्याच शब्दावर तुला असली माणसं येतायत.

कागदपत्रांवर पैसे घालवू नकोस. कोणीतरी तुला स्टॅम्प पेपर कर म्हणेल, आता महाराष्ट्रात १०० चा स्टॅम्प राहिला नाही, ५०० चा घ्यावा लागतो, आणि इथे त्याची गरज नाही. साध्या कागदावर तारीख, दोघांची नावं-पत्ते, खारीचं वर्णन, ऑपरेशन झाल्याचं, जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला न देता आधी तुम्हाला कळवायचं, सह्या, आधारची झेरॉक्स, बास. तू परदेशात असशील तर ‘आधी तुम्हाला’ म्हणजे पुण्यात कोणाला, ते नाव ठरव, तुझी बहीण, मैत्रीण, कोणीतरी, आणि तिला विचारून ठरव, कारण खारी परत आली तर नवीन घर मिळेपर्यंत बोर्डिंगला दिवसाला सहाशे ते हजार पडतात आणि ते पैसे कोणी द्यायचे हे आत्ताच बोलून घेतलेलं बरं. मी तर पंधरा-वीस हजार त्यासाठी वेगळे काढून त्या मैत्रिणीकडे ठेवायला सांगेन. लागले नाहीत तर परत येतील. लसीचं पुस्तक मूळ दे, फोटो काढून तुझ्याकडे ठेव, महापालिकेचं लायसन्स नवीन माणसाने त्याच्या नावाने करून घ्यायचं.

द्यायच्या आधी दोन आठवडे ट्रायल ठेव, आणि ते तू पुण्यात असतानाच, म्हणजे निघायच्या किमान तीन आठवडे आधी ती गेलेली हवी. म्हणजे मागे मोजत आलीस तर घर सापडायला तुझ्याकडे जेमतेम पावणेदोन महिने आहेत आणि त्यातच ऑपरेशन. तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचार, शेवटची हीट कधी होती त्यावरून तारीख कोणती मिळेल आणि १२,००० मध्ये काय काय आलं. तारीख मिळाली की ॲडॉप्शनची पोस्ट लिहून मला पाठव, मी बघून देते. फोटो खारी झोपलेली असतानाचा टाकू नका, सगळे तोच टाकतात, मुलीबरोबर उभी असलेली टाक, म्हणजे साइज कळते आणि लहान मुलं चालतात हेही कळतं. मुलीचा चेहरा झाकून.